पुन्हा एकदा सांग

बसवनगुडी, मंगळवार, १७ जानेवारी १९६१

संक्रांतीचे उरलेले तीळ निवडत बसले होते, तर शाळेचा शिपाई दारात. मुख्याध्यापिका लक्ष्मीदेवींनी बोलावलंय म्हणे, आत्ताच्या आत्ता. मी महिला समाजाची चिटणीस, त्यामुळे बक्षीस समारंभाला मला बोलावणं असतं. पण आत्ताच्या आत्ता असं कधीच नाही. तीळ तसेच टाकून निघाले. ह्यांचं म्हणणं, घराला आग लागली तरी मी आधी शेजारी काय चाललंय ते बघून येईन. म्हणोत बापडे.

काम असं होतं. तिसरीत कौशल्या नावाची मुलगी आहे, नऊ वर्षांची. जूनमध्ये निपाणीकडच्या खेड्यातून आली. आई नाही, बाप देवाप्पा फौजेत, आसामच्या बाजूला. इथे मामाकडे राहते. मामा म्हणजे आपले फत्तेसिंगराव, चिकपेटेत कापडाचं दुकान असलेले, दर वर्षी शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालणारे. मुलीने पाटी दाखवायला हात वर केला, बाही मागे सरली आणि लक्ष्मीदेवींना दोन्ही हातांवर वळ दिसले. पोरीचं कन्नड अजून कच्चं, म्हणून मराठी बोलणारं माणूस हवं होतं.

मी विचारलं, "हे कशानं झालं गं?"

"मामानं मारलं. पट्ट्यानं."

"का गं?"

"दूध उतू गेलं."

हजेरी द्यावी तसं सांगितलं तिने. ना रडली, ना खाली बघितलं. मी लक्ष्मीदेवींना कन्नडमध्ये सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मग माझं मलाच राहवेना. कुठला पट्टा, किती वेळा, मामी तेव्हा कुठे होती, हे सगळं मी पहिल्यापासून पुन्हा विचारलं. नीट माहिती असलेली बरी.

फत्तेसिंगराव! परवाच त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला होता.

गुरुवार, १९ जानेवारी

आजचा दिवस म्हणजे नुसती यात्रा. शाळेच्या वेळेतच कौशल्याला घेऊन लक्ष्मीदेवी आणि मी आधी दवाखान्यात गेलो, मग पोलीस ठाण्यात, मग रिमांड होममध्ये. खरं सांगायचं तर मला फार बघण्यासारखं वाटलं सगळं. या वयात कोण मला ठाण्याच्या आत नेणार होतं?

डॉक्टरीणबाईंनी वळ मोजले, आपल्या रजिस्टरात लिहिले आणि विचारलं, कसं झालं? लक्ष्मीदेवींनी लिहिलेला कागद मी पुढे केला, तर म्हणाल्या, "तो शाळेचा. मला माझा हवा." ठाण्यात सब-इन्स्पेक्टरनेही तेच. रिमांड होमला सुब्बाराव म्हणून अधिकारी आहेत, मुलांची प्रकरणं तेच बघतात. किडकिडीत माणूस, थंडीच्या दिवसांत छत्री बाळगतो आणि दर दोन ओळींनी पेन्सिलीला टोक करतो. त्यांनीही कोरा कागद घेतला. प्रत्येकाला अगदी पहिल्यापासून हवं, दुसऱ्याच्या कागदाला कुणी शिवत नाही. सोवळं आमच्याच घरात असतं असं नाही.

डॉक्टरीणबाईंना कौशल्या म्हणाली, "मामानं मारलं." ठाण्यात म्हणाली, "मामा कधी कधी रागावतो." सुब्बारावांना म्हणाली, "मामी रागावली हुती." पोर दमली असावी. मीही मध्ये मध्ये तिला आठवण करून देत होते, "अगं, नीट सांग, पट्ट्याचं सांग." घोड्यावर बसवलेल्या पोरासारखं झालं होतं तिचं, एकीकडून उतरवलं की दुसरीकडून चढवायचं.

इन्स्पेक्टर म्हणाले, इभ्रतदार माणूस आहे, आधी महिला समाजाने घरचं वातावरण बघून यावं. बघून यायचं काम कुणावर आलं ते लिहायला नकोच.

सोमवार, २३ जानेवारी, रथसप्तमी

आयतंच हळदीकुंकू होतं चंद्राबाईंकडे, फत्तेसिंगरावांच्या घरी. असं बघायला गेलेलं बरं, कुणाला संशय यायला नको.

काय लाघवी बाई! दारातच "या अक्का" म्हणून हात धरला. घर लखलखीत. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तिळगूळ, दिलं, तिळाचे लाडू दिले, ओटी भरली, वर खणही दिला, आणि खण साधा नाही, इरकलीचा काठ असलेला. अशा घरात पोरीला मारत असतील हे मनाला पटेना. मी जाता जाता न्हाणीघरही बघून घेतलं (पाय धुवायला म्हणून गेले). स्वच्छ. दाराला बाहेरून नवी कोरी कडी. मी विचारलं, बाहेरून कशाला? तर चंद्राबाई म्हणाल्या, "मांजरं फार झालीयेत, अक्का. आत शिरून घाण करतात." खरंच, आमच्याकडेही झालीयेत.

एक मात्र झालं. भरली ओटी घेऊन नुसतं उठून यायचं म्हणजे मला चोरट्यासारखं वाटायला लागलं. तिचं मीठ, म्हणजे गूळ, खाल्ला होता मी. म्हणून निघताना आपलेपणानं म्हटलं, "शाळेत पोरीच्या हातावरचे वळ बघितले हो, जरा जपा, लोक काहीही बोलतात." चंद्राबाईंनी माझा हात दाबला. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत."

समाजाच्या वहीत 'वातावरण समाधानकारक' असं लिहिलं.

मंगळवार, २४ जानेवारी

कौशल्या शाळेत आली नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी

आजही नाही. काल सुट्टी होती ते सोडलं तरी तीन दिवस झाले. लक्ष्मीदेवींनी शिपाई पाठवला, 'ताप आहे' असा निरोप आला. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही तिथे काही बोललात का?"

मी म्हटलं, नाही.

इथे तरी खरं लिहिते. बोलले. मला काल जेवण गेलं नाही. ओटीतला नारळ अजून तसाच आहे, फोडावासा वाटत नाही.

सोमवार, ३० जानेवारी

आली! मी सकाळपासून शाळेच्या फाटकाशी उभी होते. चालताना डावा पाय जपून टाकत होती. मी धावतच गेले, विचारलं, "काय झालं? मारलं का पुन्हा?"

"पडले."

"खरं सांग."

"जिन्यावरनं पडले."

"आणि हातावरचे वळ?"

"ते बी पडूनच."

सुब्बाराव आले, त्यांनाही तेच सांगितलं. मी डोळे मोठे केले, समजावलं, पट्ट्याची आठवण दिली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, आता बरोबर हाय का?"

मला तिच्या म्हणण्याचा अर्थ कळला नाही. सुब्बारावांनी पेन्सिल खिशात टाकली. म्हणाले, सहा कागदांत सहा गोष्टी आहेत, फत्तेसिंगरावांचा वकील कोर्टात पाच मिनिटांत फाडून टाकील. पोरगी संध्याकाळी त्याच घरी गेली. लक्ष्मीदेवी, सुब्बाराव, शिपाई आणि मी, आम्ही चार मोठी माणसं फाटकात उभी राहून बघत होतो.

ह्यांना रडतच सांगितलं. हे म्हणाले, "तू किती वेळा विचारलंस तिला?" मी म्हटलं, मोजलं नाही. हे पेपर वाचायला लागले. कधी कधी या माणसाचा फार राग येतो.

गुरुवार, २ फेब्रुवारी

आज जे बघितलं ते आधी लिहून ठेवते, मग भात लावते.

शाळेत गेले ते कौशल्या आली की नाही एवढंच बघायला. तिसरीच्या वर्गाच्या खिडकीशी उभी राहिले. लक्ष्मीदेवी पाढे घेत होत्या. कौशल्याला विचारलं, सात आठे किती? ती म्हणाली, छप्पन्न. कन्नडमध्ये, अगदी बरोबर. पण बाहेर गाडीवाला ओरडत होता, लक्ष्मीदेवींना ऐकू गेलं नाही. त्या म्हणाल्या, "इन्नोम्मे हेळु." म्हणजे पुन्हा एकदा सांग.

पोरीचा चेहरा पडला. म्हणाली, चौपन्न.

लक्ष्मीदेवींनी कानाला हात लावून पुन्हा म्हटलं, इन्नोम्मे हेळु. ती म्हणाली, अठ्ठावन्न. आणि तिने छडीसाठी हात पुढे केला.

मी खिडकीचे गज धरून उभी होते ती तशीच राहिले. या शाळेत, आणि माझ्याही लहानपणीच्या शाळेत, उत्तर चुकलं तरच 'पुन्हा सांग' म्हणतात. बरोबर असलं तर 'बस खाली'. त्या लेकराला आम्ही कुणीच एकदाही 'बस खाली' म्हटलं नव्हतं. लक्ष्मीदेवींनी एकदा विचारलं, डॉक्टरीणबाईंनी एकदा, इन्स्पेक्टरनी दोनदा, सुब्बारावांनी दोनदा. आणि मी? आज मोजलं. निदान अकरा वेळा. ती बिचारी आमच्या पसंतीचं उत्तर शोधत बसली होती. मामा नाही? मग मामी असेल. मामी नाही? मग पडले असेन.

फत्तेसिंगरावांनी मारून जे साधलं नसतं ते आम्ही भल्या माणसांनी विचारून विचारून साधलं. मला माझी लाज वाटते.

शनिवार, ४ फेब्रुवारी

काल दिवसभर पायपीट. लक्ष्मीदेवींना खिडकीतलं सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्याच. म्हणाल्या, "वीस वर्षं मी हेच करतेय." हळदीकुंकवाला काय बोलून बसले तेही सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत; नुसत्या बघत राहिल्या, ते जास्त लागलं.

मग सुब्बाराव. त्यांनी सगळं ऐकलं, टोक केलं, पुन्हा टोक केलं. म्हणाले, "स्वल्प थांबा. सगळ्यांनी एका खोलीत बसायचं. एकानेच विचारायचं, एकदाच. बाकीच्यांनी ऐकून आपापल्या कागदात तेच उतरवायचं." मला वाटलं, एवढी साधी गोष्ट! पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखाना सोडून शाळेत येण्याची पद्धत नाही. इन्स्पेक्टर म्हणाले, जबाब ठाण्यातच होतो. सुब्बाराव दोघांकडे दोनदा गेले, छत्री घेऊन. काय बोलले देव जाणे, बुधवार ठरला.

तोवर ती त्या घरात. शिपायाची बायको त्याच गल्लीत राहते, ती रोज सकाळ-संध्याकाळ ताक मागायला जाऊन पोर दिसते का ते बघणार आहे. हे लक्ष्मीदेवींना सुचलं. मला सुचलं असतं तर मी स्वतःच गेले असते आणि पुन्हा काहीतरी बोलून आले असते.

ह्यांनी आज मागची खोली रिकामी केली. जुने पेपर, तुटकी आरामखुर्ची, सगळं बाहेर काढलं. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, वाळवी बघत होतो.

बुधवार, ८ फेब्रुवारी

शाळेच्या शिवणाच्या खोलीत बसलो. डॉक्टरीणबाई, इन्स्पेक्टर (साध्या कपड्यांत, टोपी आणली होती ती लक्ष्मीदेवींनी कपाटात ठेवायला लावली), सुब्बाराव, लक्ष्मीदेवी आणि मी. कौशल्या यायच्या आधी थोडं भांडण झालंच. कोण विचारणार? मी म्हटलं, भाषा माझी, पोर मला ओळखते, मीच विचारते.

सुब्बाराव पेन्सिलीकडे बघत म्हणाले, "सुनंदाबाई, विचारतील लक्ष्मीदेवी. तुम्ही फक्त आमचं बोलणं तिच्यापर्यंत न्यायचं आणि तिचं आमच्यापर्यंत आणायचं. मध्ये काही घालायचं नाही. काही काढायचं नाही."

मला झोंबलं. टपालवाल्याची नेमणूक झाली माझी. पण मान डोलावली.

कुणाला शंका आली तर चिठ्ठीवर लिहून लक्ष्मीदेवींना द्यायची, मुलीला कुणी काही विचारायचं नाही, असं ठरलं. कौशल्या आली. लक्ष्मीदेवींनी तिला स्वतःच्या शेजारी बसवलं आणि आधी म्हणाल्या (मी शब्दाला शब्द मराठीत सांगितलं), "आज आम्ही एकदाच विचारणार. मी पुन्हा विचारलं तर मला ऐकू आलं नाही म्हणून, तुझं चुकलं म्हणून नाही. चूक माझ्या कानाची. तू तेच सांगायचं."

कौशल्याने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं.

"हात कशानं दुखावले?"

"मामानं पट्ट्यानं मारलं."

"आणि पाय?"

"न्हाणीत कोंडलं हुतं. तीन दिस. कडी लावून. मी खिडकीतनं उतराय गेले अन् पडले."

न्हाणीत. कडी लावून. मांजरं! पण माझं काम न्यायचं-आणायचं होतं. मी सांगितलं. सब-इन्स्पेक्टर सवयीनं पुढे वाकले, तोंड उघडलं, "म्हणजे कधी..." आणि लक्ष्मीदेवींनी त्यांच्या पुढे कोरी चिठ्ठी सरकवली. त्यांनी मुकाट्यानं लिहिली. मला दहा प्रश्न होते. दहाच्या दहा गिळले. इतकं जड काम मी जन्मात केलं नव्हतं.

शेवटी लक्ष्मीदेवी म्हणाल्या, "सरी. बरोबर आहे. बस खाली." ती बसलेलीच होती. तरी तिने मोठा श्वास सोडला आणि अंग सैल केलं.

पाच कागद, एक गोष्ट. कौशल्याला त्या घरी परत पाठवलं नाही. इन्स्पेक्टर स्वतः जाऊन तिचं दप्तर घेऊन आले. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती इथल्याच मुलींच्या आश्रमात राहील.

शनिवार, ११ फेब्रुवारी

चंद्राबाई रस्त्यात भेटल्या. तोंड फिरवलं. मराठी मंडळातल्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. आपल्या माणसाचं प्रकरण पोलिसांत नेलं म्हणे. आपलं माणूस कोण, पोरगी का तो, एवढंच मी त्यांना विचारलं. हा प्रश्न मात्र मी हवा तितक्या वेळा विचारीन.

समाजाच्या वहीतलं 'समाधानकारक' खोडलं. खाली लिहिलं, 'मला दिसलं नाही.' सही केली.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

मुलांचं कोर्ट. मला वाटलं होतं उंच खुर्ची, पिंजरा, ओरडणारे वकील. साधं टेबल होतं, त्यावर पाण्याचा तांब्या. फत्तेसिंगराव फेटा बांधून आले होते. म्हणाले, शिस्त लावावी लागते, बिनआईची पोर आहे. मॅजिस्ट्रेटनी आमचे पाचही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. मग म्हणाले, मुलगी मामाकडे जाणार नाही. फौजेतल्या बापाचंही पत्र आलं होतं, तिला सुरक्षित ठेवा, मी सुट्टी मिळवून येतो, असं.

आता कुठे राहायचं? तिथे मी उभी राहिले. ह्यांना विचारलं नव्हतं, पण ते बाहेरच्या बाकावर होते आणि त्यांनी सकाळी मागच्या खोलीत नवी चटई टाकलेली मी बघितली होती. मी म्हटलं, आमच्याकडे राहू दे. आम्ही दोघंच आहोत.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, मुलीला विचारू. आणि मलाच म्हणाले, तुम्हीच सांगा तिला.

मी सांगितलं. "साहेब विचारतात, तुला आश्रमात राहायचं की माझ्या घरी यायचं?" एक शब्द जास्त घातला नाही. मनातल्या मनात घातले असतील तर ते दिसले नसावेत.

कौशल्याने थोडा विचार केला. मग म्हणाली, "आश्रमात. बाई चांगल्या हायेत. पर लई विचारत्यात."

सगळे माझ्याकडे बघत होते. कन्नडमध्ये सांगायचं काम माझंच. त्या क्षणी मी काहीही सांगितलं असतं तर तिथे कुणाला कळणार होतं? मराठी समजणारे एकटे फत्तेसिंगराव, आणि ते मिशीत हसत होते.

मी सांगितलं. "मुलगी म्हणते, आश्रमात राहायचंय. बाई चांगल्या आहेत, पण फार विचारतात." मध्ये काही घातलं नाही. काही काढलं नाही.

मॅजिस्ट्रेटनी लिहून घेतलं. सुब्बाराव बाहेर येऊन माझ्या डोक्यावर छत्री धरून फाटकापर्यंत चालले, ऊन काही इतकं नव्हतं.

घरी आल्यावर हे म्हणाले, चटई राहू दे, पाहुण्यांना होईल.

रविवार, ५ मार्च

आश्रमात भेटायची वेळ रविवारी दुपारी तीन ते पाच. जाऊ की नको करत मागचा रविवार घालवला. आज गेले. शेंगदाण्याचे लाडू नेले. अंगणातल्या झाडाखाली दोघी बसलो. जेवतेस का, झोप लागते का, कुणी रागावतं का, सगळं ओठापर्यंत आलं. एक अक्षर विचारलं नाही. ती दोन लाडू खाऊन खेळायला पळाली. मी पाचपर्यंत बसून होते.

रविवार, १२ मार्च

आज फुटाणे नेले. पुन्हा त्याच झाडाखाली. फुटाण्यांची सालं ती एका बाजूला नीट गोळा करत होती. बऱ्याच वेळाने आपण होऊन म्हणाली, "बाई, तुमास्नी पोरं का न्हाईत?"

हा प्रश्न मला सासूबाईंनी विचारला, नणंदांनी विचारला, तीन डॉक्टरांनी विचारला, प्रत्येक हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलंच. एकदा विचारून कुणाचं समाधान झालं नाही. मग मीही दर वेळी वेगळं सांगत आले. देवाची मर्जी. ह्यांची प्रकृती. माझी प्रकृती. आधी ह्यांची बढती होऊ दे. एकदा तर, आम्हालाच नकोत, असंही सांगून मोकळी झाले. बावीस वर्षांत खरं कधी सांगितलंच नाही.

आज सांगितलं. "मला माहीत नाही गं. फार हवी होती."

कौशल्याने माझ्याकडे बघितलं. "सरी," म्हणाली, आणि मुठीतले अर्धे फुटाणे माझ्या हातावर ठेवले.

पुन्हा विचारलं नाही.